‘मी’ची साक्ष

(शताब्दी महोत्सवात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्या ग्रंथालयातील ‘ययाति’ची एक जुनी प्रत मी अलीकडे पुन्हा घरी नेली. राजाच्या कबुलीशेजारी समासात कोणा वाचकाने पेन्सिलीने लिहिले आहे, ‘बिचारा!’ त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘देवयानीला विचारा!’ ग्रंथालयाच्या पुस्तकांवर शेरे लिहू नयेत, हा नियम मला मान्य आहे. परंतु कादंबरीतील ‘मी’वर विश्वास ठेवावा की नाही, या प्रश्नाची इतकी नेमकी मांडणी मी समीक्षाग्रंथांतही क्वचितच वाचली आहे.

खांडेकरांची ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक तीत आळीपाळीने बोलतात. तिघांच्या वाट्याला सारखी पाने मात्र आलेली नाहीत. सर्वांत अधिक बोलतो तो ययाती. आणि तो फार चांगले बोलतो! आपण भोगलंपट झालो, हे तो स्वतःच सांगतो. जो स्वतःचे दोष लपवीत नाही, तो इतरांविषयी तरी खोटे कशाला सांगेल, असे आपल्याला वाटू लागते. माझ्या मते गफलत होते ती इथेच. ययाती खोटे बोलत नाही. घटना तो खऱ्याच सांगतो; त्यांचे वजन मात्र स्वतःच्या तराजूने करतो.

विवाहानंतरच्या पहिल्या रात्री मद्याच्या दर्पाने देवयानी संतापते. राजाच्या बाजूने वाचताना ती निष्ठुर, अहंकारी वाटते. परंतु जिच्या कचाची राख मद्यातून तिच्याच पित्याला पाजली गेली, तिला त्या दर्पाने दुसरे काय आठवावे? कचाची ती कथा आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असते. राजाच्या दुःखात रमलेला वाचक नेमकी तीच विसरतो. देवयानी निर्दोष आहे, असे मला म्हणायचे नाही. शर्मिष्ठेला तिने दासी केले, आणि शर्मिष्ठा बोलू लागली की देवयानीचीही साक्ष डळमळते. अलकेला तर स्वतःचे प्रकरणच नाही. तिची बाजू मांडायलाही राजाच!

मग प्रथमपुरुषी निवेदन सरसकट संशयास्पद मानावे काय? हरिभाऊ आपट्यांची यमू आठवा. ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमूच्या हकिकतीला तोलून पाहायला देवयानी-शर्मिष्ठेसारखी दुसरी निवेदिका नाही. शिवाय स्त्रीची ही आत्मकथा लिहिणारा पुरुष आहे. तरीही शतक उलटून गेल्यावर तिच्यावर विश्वास बसतो. कारण बालपणीच्या ज्या गोष्टी ती सांगते, त्यांचा पुरता अर्थ त्या वयात तिला कळला नव्हता, आणि सांगताना ती ते अजाणतेपण पुसून टाकीत नाही. तिचे ऐकताना आपल्याला त्या मुलीपेक्षा अधिक दिसते. ययाती मात्र अर्थही स्वतःच लावून देतो. वेगळा अर्थ हवा असेल तर दोघींकडे जावे लागते.

हे मला तरुणपणी उमगले नव्हते. पहिला शेरा माझा नव्हे. पण त्या वयात हाती पेन्सिल असती, तर मीही तेच लिहिले असते.

ग्रंथपालांना एकच विनंती. प्रत जीर्ण झाली आहे, नवी अवश्य घ्यावी. जुनी मात्र बाद करू नये, आणि तिचे समास खोडरबराने स्वच्छ करू नयेत.