दुर्मिळ रोगाची शिरगणती

माणसांची शिरगणती करणे कठीण खरे. परंतु माणसांच्या दुखण्यांची शिरगणती करणे त्याहून कठीण. पटकी किंवा हिवताप गावात शिरला की त्याची वार्ता घरोघर पोचते. परंतु लाखांत दहा-पंधरांनाच गाठणारा विकार मुळी ओळखलाच गेला नाही, तर तो मोजावा कोणी आणि कसा? मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंचे बळ हरण करणारा विकार या कोटीतला आहे. आणि कोलकात्यासारखे महानगर डोळ्यांसमोर ठेवले म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

या विकाराचा स्वभाव मोठा लहरी आहे. सकाळी रुग्ण पुष्कळदा बरा असतो. दिवस कलू लागला की त्याची पापणी आपोआप खाली येते, एकाच्या जागी दोन वस्तू दिसू लागतात, घास चावता चावता जबडा थकतो, बोलता बोलता आवाज क्षीण होतो. घटकाभर विसावा घेतला की शक्ती परत येते. त्यामुळे घरचे लोक याला आळस म्हणतात, आणि रुग्ण स्त्री असेल तर ढोंगही म्हणतात. प्रसंगी मात्र श्वासाचे स्नायूच थकतात, आणि मग प्राणावर बेतते. फार वेळ बोलल्यावर जिची वाचा बंद पडे अशा एका स्त्रीचे वर्णन इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी १६७२ मध्येच करून ठेवले आहे.

याचे कारण समजून घेताना कलकत्त्याचाच एक जुना धागा हाती लागतो. जोसेफ फेअरर हे तेथील मेडिकल कॉलेजात शल्यशास्त्राचे प्राध्यापक होते आणि सर्पविषावर त्यांनी अनेक प्रयोग केले. पुढे १८७० नंतरच्या दशकात लॉडर ब्रंटन यांच्या सहकार्याने त्यांनी दाखविले, की नागाच्या विषाचा परिणाम दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावीत त्या क्युरारे विषासारखाच होतो. चेतातंतू स्नायूला आज्ञा देतो ती एका रसायनाच्या द्वारे. स्नायूवरील ग्राहक-रेणूंनी ते झेलले, तरच स्नायू आकुंचन पावतो. नागाचे विष हे ग्राहक अडवून धरते. मायस्थेनियात शरीराचीच प्रतिपिंडे त्यांच्यावर उलटतात; रोगजंतूंशी लढण्यासाठी उभे केलेले सैन्य जणू आपल्याच वेशीवर चालून येते. १९६० मध्ये जॉन सिम्पसन यांनी तसा तर्क मांडला. १९७३ मध्ये पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत्-माशाचे ग्राहक सशांना टोचून त्यांच्यात असाच अशक्तपणा उत्पन्न केला. पुढे तैवानकडील मण्यारीच्या विषातील एका घटकाच्या साहाय्याने ही प्रतिपिंडे रक्तात मोजण्याची परीक्षाही निघाली. रोग नेमका ओळखता येऊ लागला, आणि गणतीलाही आधार मिळाला.

या गणतीचे आकडे मोठे उद्बोधक आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत लाखामागे पाचांच्या आतबाहेर रुग्ण आढळत. आता अनेक पाहण्यांत हे प्रमाण पंधरा-वीसपर्यंत जाते. तेवढ्यावरून रोग तितकाच बळावला असे मानणे घाईचे होईल. निदान सुधारले, हे एक कारण. दुसरे असे, की १९३४ मध्ये मेरी वॉकर या डॉक्टरांनी ग्रीनिच येथील रुग्णालयात गुणकारी औषध दाखवून दिल्यापासून उपचार सुधारत गेले आणि रुग्ण जगू लागले. जो जगतो, तोच गणतीत राहतो. लोकसमूहांतही भेद दिसतात. चीन-जपानात बालपणीच सुरू होणारा, बहुधा डोळ्यांपुरता राहणारा प्रकार युरोपपेक्षा बराच अधिक आढळतो.

आता कोलकात्याकडे वळू. २००३-०४ मध्ये तेथील संशोधकांनी घरोघर जाऊन ५२,३७७ लोकांची मज्जाविकारांसाठी पाहणी केली. पक्षाघात, अपस्मार, कंपवात यांच्यासाठी एवढी संख्या उपयोगी पडते. परंतु लाखामागे पंधरा हे प्रमाण धरले, तर एवढ्या वस्तीत मायस्थेनियाचे रुग्ण सात-आठच अपेक्षित. त्यांतले दोघे त्या दिवशी घरी नसले, तर प्रमाण एक चतुर्थांशाने उतरते! २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४४,९६,६९४ होती. त्याच हिशेबाने तेथे पावणेसातशेच्या आसपास रुग्ण असावेत. रुग्णालयांच्या नोंदींवरून मोजावे, तर तेथे जिल्ह्याजिल्ह्यांतून आणि परप्रांतांतूनही रुग्ण येतात. भागाकार कोणत्या लोकसंख्येने करावा हेच ठरत नाही.

आणि रुग्णालयापर्यंत येतो तरी कोण? मुंबईत १९६५ ते २००४ या काळात पाहिलेल्या रुग्णांचा वृत्तांत डॉ. भीम सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील ८३६ रुग्णांत पुरुष ६११ आणि स्त्रिया केवळ २२५. तरुण वयात हा विकार स्त्रियांना अधिक जडतो, असा इतर देशांचा अनुभव आहे. मग हा फरक रोगाच्या स्वभावातला, की पापणी मिटू लागली तरी चुलीपुढून उठू न शकणाऱ्या बाईच्या नशिबातला? केवळ रुग्णालयाच्या वहीवरून याचा निवाडा होणार नाही.

२०२१ मध्ये भारत सरकारने दुर्मिळ रोगांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. अशा रोगांच्या प्रमाणाची पुरेशी आकडेवारी देशापाशी नाही, हे त्यातच नमूद आहे. कोलकात्याच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेला त्या धोरणाने एक केंद्र म्हणून मान्यताही दिली. परंतु केंद्राकडे रुग्ण धाडावयाचा, तर सुंदरबनातल्या किंवा मेळघाटातल्या डॉक्टराला प्रथम शंका यावयास हवी. ती शंका आली, तर पिरिडोस्टिग्मिनच्या गोळ्यांनी आणि योग्य उपचारांनी बहुतेक रुग्ण संसाराला व कामधंद्याला लागू शकतात. संध्याकाळी थकणाऱ्या पापणीकडे कोणी नीट पाहिले, तर गणतीत एकाची भर पडते. आणि कदाचित एक जीवही वाचतो.