पदवी घ्या, पण पारखून घ्या

(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय आहे घरबसल्या मिळणाऱ्या व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीचा, म्हणजे बी.बी.ए. आणि एम.बी.ए.चा. नोकरी सांभाळून, संसार सांभाळून आपली अनेक मुले-मुली या पदवीसाठी नाव नोंदवतात. कुणाला बढती हवी असते, कुणाला कारकुनीतून वर यायचे असते. ही आकांक्षा चांगलीच आहे. पण या आकांक्षेवर दुकान थाटणारेही पुष्कळ आहेत, म्हणून हे चार शब्द.

प्रथम एक गैरसमज दूर करू. दूरशिक्षण म्हणजे हलके शिक्षण नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली ही सोय केली. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. गिरणीतला कामगार, दुकानातला नोकर, लग्नानंतर शाळा सुटलेली सून, अशा कितीतरी लोकांना या विद्यापीठांनी पदवीधर केले. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. तेव्हा प्रश्न पदवी घरी बसून घेतली की वर्गात बसून, हा नाही. ती देण्याचा अधिकार कुणाला आहे, हा प्रश्न आहे.

याचे उत्तर १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यात आहे. कलम २२ सांगते की पदवी देण्याचा अधिकार फक्त तिघांना: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. चौथा कुणी नाही. कलम २३ प्रमाणे इतरांना आपल्या नावात ‘विद्यापीठ’ हा शब्दही वापरता येत नाही. पण मूळ कायद्यात यासाठी ठेवलेला दंड किती? एक हजार रुपयांपर्यंत! एका विद्यार्थ्याची फी त्याहून कितीतरी जास्त असते. असा दंड कुणाला धाक घालणार? म्हणून राखण आपली आपणच केली पाहिजे.

जाहिरातीत काय लिहिलेले असते पाहा: ‘नोंदणीकृत संस्था’, ‘स्वायत्त’, ‘आय.एस.ओ. प्रमाणित’, ‘आंतरराष्ट्रीय परिषदेशी संलग्न’. आपली ही कल्याणकारी संस्थासुद्धा नोंदणीकृत आहे. म्हणून उद्या आपले अध्यक्ष आणि चिटणीस सही-शिक्का मारून एम.बी.ए. वाटू लागले तर चालेल काय? आपण हसता आहात. पण नेमके हेच बाहेर चालते. संस्थेची नोंदणी म्हणजे पदवी देण्याचा परवाना नव्हे. आय.एस.ओ. हे कार्यपद्धतीचे प्रमाणपत्र आहे. १९९४ साली स्थापन झालेली ‘नॅक’ गुणवत्तेची श्रेणी देते, पण तीही पदवीचा अधिकार देत नाही. विद्यापीठाबाहेरच्या संस्था व्यवस्थापनाची पदविका देतात, आणि तिलाही तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे ए.आय.सी.टी.ई.ची मान्यता लागते.

फसवणुकीचे प्रकार साधारण तीन. पहिला, विद्यापीठच बनावट. आयोग अशा बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. त्या यादीत दिल्लीच्या दर्यागंजमधील ‘कमर्शियल युनिव्हर्सिटी लिमिटेड’ हे नाव वर्षानुवर्षे आहे. नाव वाणिज्याचे, पण पदवीचा अधिकार नाही.

दुसरा प्रकार परदेशी नावाचा. २०१५ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट या कंपनीचा व्यवहार उघडकीस आणला. कागदावरच असलेल्या अमेरिकन विद्यापीठांच्या पदव्या ही कंपनी जगभर विकत होती. त्यातल्या एका तथाकथित विद्यापीठाचे नाव होते ‘कोलंबियाना’. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, त्याच्या नावाला एक शेपूट जोडून हा धंदा चालला. आपल्या मुलाला हे नाव ऐकून भुरळ पडली, तर त्याचा दोष काय?

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. विद्यापीठ खरे, पण तो अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवण्याची परवानगी नाही. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांवर निर्णय दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना नव्याने परीक्षा द्यावी लागणार होती. त्यानंतरच्यांच्या रद्दच झाल्या. वर्षांमागून वर्षे नोकरी केलेली माणसे एका दिवसात पदवीवाचून उभी राहिली. विषय अभियांत्रिकीचा होता, पण धडा सर्वांना आहे.

मित्रहो, आपल्या समाजाला याची झळ अधिक का बसते, ते सांगतो. आपल्या घरात फीचे पैसे बचतगटाच्या कर्जातून येतात, आईच्या मंगळसूत्रातून येतात. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अशा संस्थेला मिळत नाही, म्हणजे सारा बोजा घरावर. आणि खरा घाव पुढे बसतो. शासकीय जाहिरातीत ‘सांविधिक विद्यापीठाची पदवी’ अशी अट असते. मुलगा परीक्षा उत्तीर्ण होतो, राखीव जागेवर निवड होते, घरात पेढे वाटले जातात, आणि कागदपत्र पडताळणीत पदवी बाद होते. जागा जाते, वयाची मर्यादा उलटते. धर्मांतरित बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडले. त्यासाठी किती मोर्चे निघाले, किती निवेदने गेली! अशी लढून मिळवलेली जागा एका खोट्या कागदापायी घालवावी काय?

बाबासाहेबांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध विद्यापीठाने दुरुस्तीसाठी परत केला. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघाले आणि नोकरी करणाऱ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग भरू लागले. त्या कॉलेजलाही त्यांनी मुंबई विद्यापीठाची संलग्नता घेतली. एवढा विद्वान माणूस. पण आमची पदवी आम्हीच छापू, असे ते म्हणाले नाहीत.

भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच शिकवले. केवळ ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, सांगणारा आपला गुरू म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळदा ‘अभ्यास केंद्र’ चालवणारा आपल्याच वस्तीतला असतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो, तो आपल्याला प्रेमाने जयभीम घालतो. आपणही त्याला जयभीम घाला, आणि मग विचारा, “भाऊ, मान्यतेचे पत्र दाखवा.” प्रामाणिक माणूस रागावणार नाही.

चार प्रश्न वहीत लिहून घ्या. एक, हे विद्यापीठ आयोगाच्या यादीत आहे काय? दोन, हाच अभ्यासक्रम, याच सत्रासाठी, दूरशिक्षणाने चालवण्यास आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे काय? मान्यता अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते. मागच्या वर्षीचे पत्र चालत नाही. तीन, पावती विद्यापीठाच्या नावाने मिळते की केंद्रचालकाच्या? चार, परीक्षा कोण घेते आणि कुठे? ‘दहा दिवसांत एम.बी.ए.’ अशा जाहिरातींविरुद्धही आयोगाला इशारा द्यावा लागला आहे. २०२४ पासून दूरशिक्षणाला प्रवेश घेताना विद्यार्थ्याने आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतःचा डेब क्रमांक काढायचा असतो. तो काढायची गरज नाही असे कुणी म्हटले, तर तिथूनच मागे फिरा.

ज्यांच्या हाती असा कागद आधीच आहे, त्यांनी खचून जाऊ नये. फसवला गेला तो गुन्हेगार नव्हे. मात्र कळल्यानंतर तो कागद अर्जाला जोडू नका. असत्य न बोलण्याचे शील आपण रोज घेतो, आणि सम्यक आजीविका खोट्या दाखल्यावर उभी राहत नाही. जे हिशेब, जे व्यवस्थापन आपण शिकलात ते वाया जात नाही. तेच घेऊन मुक्त विद्यापीठात नव्याने नाव घाला. वय आड येत नाही. आणि आपली हकीकत लपवू नका, धाकट्या भावंडांना सांगा. एकाने सांगितले तर दहा घरे वाचतील.

आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांना शेवटी एक विनंती. दर वर्षी जून महिन्यात विहारात एक टेबल मांडा. दोन शिकलेली मुले बसवा. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाचे माहितीपत्रक त्यांनी आयोगाच्या यादीशी ताडून पाहावे. याला निधी लागत नाही, फक्त वेळ लागतो. सत्कार आपण करतोच. त्याआधी ही राखण करू या.

 जयभीम! नमो बुद्धाय!