घराची किंमत आणि मुलांची शाळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवात नाट्यगीते ऐकावीत, जुन्या प्रयोगांच्या आठवणी काढाव्यात, हे स्वाभाविक आहे. अशा प्रसंगी परक्या मुलखातील शाळांचा जमाखर्च घेऊन मी आपल्यापुढे उभा राहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु हा विषय आपल्या घरात केव्हाच शिरला आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले, लेकी-सुना अमेरिकेत आहेत. नवे घर घेतल्याची वार्ता फोनवरून कळवताना ती मंडळी एक वाक्य हमखास बोलतात, ‘घर जरा महाग पडले, पण स्कूल डिस्ट्रिक्ट चांगले आहे.’ आपण ‘बरे झाले’ म्हणतो आणि नातवंडांची चौकशी करू लागतो. घराच्या किमतीचा आणि शाळेच्या चांगलेपणाचा संबंध काय, हे मात्र विचारायचे राहून जाते. आज तेच विचारावे, असा माझा मानस आहे.

अमेरिकेत शालेय शिक्षण ही मुख्यतः राज्यांची जबाबदारी असून राज्यांनी तिचा कारभार बव्हंशी स्थानिक संस्थांकडे सोपविला आहे. अशी सुमारे तेरा हजार स्कूल डिस्ट्रिक्ट त्या देशात आहेत. ‘डिस्ट्रिक्ट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कलेक्टरची कचेरी उभी राहते. तेथील डिस्ट्रिक्ट मात्र कित्येकदा दोन-चार शाळांपुरतेच असते. बहुतेक ठिकाणी नागरिक मतदानाने शाळामंडळ निवडतात. टेक्सास राज्यात या मंडळावर साधारणतः सात विश्वस्त असतात आणि ते विनावेतन काम करतात. मंडळ एका सुपरिंटेंडेंटची नेमणूक करते, अंदाजपत्रक मंजूर करते आणि राज्याच्या कायद्याच्या मर्यादेत राहून घरादारांवर, जमीनजुमल्यावर कर बसविते. उरलेला पैसा राज्याकडून येतो आणि थोडा केंद्राकडून.

कोणत्याही शाळेच्या कारभाराविषयी तीन प्रश्न विचारावे लागतात. पैसा कोठून येतो? निर्णय कोण घेतो? आणि मुलांच्या पदरात काय पडते? दुसऱ्या प्रश्नाला या पद्धतीचे उत्तर मोठे लोभस आहे. ज्याची मुले शाळेत जातात तोच कर भरतो, तोच प्रतिनिधी निवडतो आणि चार पावलांवर राहणाऱ्या त्या प्रतिनिधीला जाबही विचारू शकतो. दोष दडलेला आहे तो पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात.

टेक्सासमधील सॅन अँटोनिओ या शहराचे उदाहरण घेऊ. त्या महानगराच्या परिसरात सात स्कूल डिस्ट्रिक्ट होती. त्यांपैकी एजवुड आणि अलामो हाइट्स या दोहोंचे १९६७-६८ सालचे आकडे पुढे न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदले गेले, म्हणून ते आपल्याला खात्रीने सांगता येतात. एजवुडमध्ये २५ शाळा आणि सुमारे २२,००० विद्यार्थी. त्यांतील नव्वद टक्के मेक्सिकन वंशाचे. तेथील सर्व करपात्र मालमत्तेची आकारणी विद्यार्थिसंख्येने भागली, तर दर मुलामागे ५,९६० डॉलर येत. अलामो हाइट्समध्ये सहा शाळा, सुमारे ५,००० विद्यार्थी आणि दर मुलामागे मालमत्ता ४९,००० डॉलरांहून अधिक. म्हणजे आठपटींचा फरक.

आता कराचा दर पाहा. एजवुडचे रहिवासी मालमत्तेच्या दर शंभर डॉलरांना एक डॉलर पाच सेंट या दराने कर देत होते. अलामो हाइट्सचे रहिवासी अवघे पंच्याऐंशी सेंट. राज्याच्या किमान योजनेत भरावयाचा हिस्सा वगळता या करातून एजवुडच्या मुलाच्या वाट्याला २६ डॉलर आले आणि अलामो हाइट्सच्या मुलाच्या वाट्याला ३३३. राज्याने पहिल्याला २२२ आणि दुसऱ्याला २२५ डॉलर दिले. गरिबाला हात देण्याऐवजी राज्याने श्रीमंतालाच तीन डॉलर जास्त दिले. केंद्राकडून अनुक्रमे १०८ आणि ३६ डॉलर मिळाले. एकूण बेरीज एजवुड ३५६, अलामो हाइट्स ५९४. ज्यांनी अधिक दराने कर भरला, त्यांच्या मुलांना कमी मिळाले. गरिबांना शिक्षणाची आस्था नसते असे म्हणणाऱ्यांनी हे दोन दर शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

या आकड्यांचा वर्गातील अर्थही निकालपत्रात आहे. १९६८-६९ मध्ये एजवुडच्या सुमारे ४७ टक्के शिक्षकांना रीतसर पात्रतेअभावी तात्पुरत्या परवान्यावर नेमलेले होते. अलामो हाइट्समध्ये हे प्रमाण ११ टक्के होते. मुलांना मार्गदर्शन करणारा समुपदेशक अलामो हाइट्समध्ये ६४५ मुलांमागे एक, तर एजवुडमध्ये ३,०९८ मुलांमागे एक होता.

मे १९६८ मध्ये एजवुड हायस्कुलातील सुमारे चारशे विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. त्यांना चांगले शिक्षक आणि धड इमारत हवी होती. त्याच उन्हाळ्यात काही पालकांनी न्यायालयात दावा लावला. त्यांच्यात दिमेत्रिओ रॉड्रिगेझ नावाचे एक गृहस्थ होते. पूर्वी सैन्यदलात नोकरी केलेले आणि तेव्हा हवाईदलाच्या केली तळावर पत्राकाम करणारे ते कारागीर. दावा त्यांच्याच नावाने इतिहासात गेला. १९७१ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. परंतु २१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरविला.

बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी लिहिले. शिक्षण महत्त्वाचे खरे, परंतु अमेरिकेच्या राज्यघटनेने तो मूलभूत हक्क म्हणून दिलेला नाही. आणि स्थानिक लोकांनी आपल्या शाळा आपण चालवाव्यात, हा राज्याचा हेतू पुरेसा वाजवी आहे, असा त्याचा आशय. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरुद्ध मत नोंदविले. ज्या डिस्ट्रिक्टकडे करपात्र मालमत्ताच नाही त्याला स्थानिक स्वातंत्र्याचा उपयोग काय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. मला विचाराल, तर या वादात मार्शल यांचेच म्हणणे व्यवहाराच्या कसोटीला उतरते. रिकाम्या डब्याची किल्ली हाती दिल्याने कोणी घरधनी होत नाही.

रॉड्रिगेझ हरले, पण प्रकरण मिटले नाही. सर्वोच्च न्यायालयाचे दार बंद झाल्यावर लोक आपापल्या राज्याच्या घटनेकडे वळले. टेक्सासच्या घटनेत सार्वजनिक शाळांची ‘कार्यक्षम व्यवस्था’ ठेवण्याचे बंधन विधिमंडळावर आहे. त्या आधारे १९८४ मध्ये एजवुडने पुन्हा दावा लावला आणि २ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो मान्य केला. त्या निकालपत्रात एजवुडची मालमत्ता दर मुलामागे ३८,८५४ डॉलर आणि अलामो हाइट्सची ५,७०,१०९ डॉलर अशी नोंद आहे. आठपटींचे अंतर या मधल्या काळात जवळजवळ पंधरापट झाले होते! राज्यातील सर्वांत संपन्न आणि सर्वांत गरीब डिस्ट्रिक्टांमधील तफावत तर सातशेपट होती. पुढे १९९३ मध्ये संपन्न डिस्ट्रिक्टांच्या कराचा काही भाग काढून इतरांना देणारा कायदा झाला. लोकांनी त्याला ‘रॉबिन हूड’ हे नाव ठेवले. न्यायालयाने १९९५ मध्ये तो ग्राह्य ठरविला. दिमेत्रिओ रॉड्रिगेझ २०१३ मध्ये निवर्तले. त्यांनी दावा लावला तेव्हा शाळेत असलेली मुले हा कायदा होईपर्यंत तिशी ओलांडून गेली होती.

आता तिसरा प्रश्न. पैसा वाढविला म्हणून मुले अधिक शिकतात काय? १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या कोलमन अहवालाने सांगितले, की मुलांच्या प्रगतीवर शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव अधिक असतो. ‘पैशाने काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यांना त्यामुळे आयतेच हत्यार मिळाले. पण अलीकडे, २०१६ मध्ये, जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या तीन अभ्यासकांनी एजवुडसारख्या खटल्यांमुळे ज्यांच्या शाळांचा खर्च वाढला, त्या मुलांची पुढील आयुष्ये तपासली. बाराही वर्षे दर मुलामागील खर्च दहा टक्क्यांनी वाढला, तर प्रौढपणी त्यांचे वेतन सुमारे सात टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. गरीब घरांतील मुलांच्या बाबतीत हा परिणाम अधिकच ठळक होता. परीक्षेच्या गुणांत जे चटकन दिसत नाही, ते पुढे पगाराच्या पाकिटात दिसते, असा याचा अर्थ.

तथापि पैशाने सारेच साधते असेही नाही, आणि हेही एजवुडच सांगते. २०१६ मध्ये तेथील शाळामंडळात असा बेबनाव माजला, की राज्याच्या शिक्षण-आयुक्तांनी निवडून आलेल्या विश्वस्तांचे अधिकार काढून नियुक्त मंडळ बसविले. ते अधिकार पुन्हा निर्वाचित प्रतिनिधींकडे जाण्यास काही वर्षे लागली. ज्या स्थानिक सत्तेसाठी इतके झगडावे, ती आपसातील भांडणात गमवावी लागते. पन्नास वर्षे एक मंडळ चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

बंधुभगिनींनो, ही कहाणी आपल्याला अगदीच परकी नाही. शेतकऱ्यांच्या कष्टातून सरकारी तिजोरी भरते आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हे गाऱ्हाणे महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडले होते. १९११ मध्ये नामदार गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. स्थानिक संस्थांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची आणि त्यासाठी कर बसविण्याची मुभा त्यात होती. परंतु सारा भार त्यांच्यावर न टाकता दोनतृतीयांश खर्च सरकारने सोसावा, असे गोखल्यांचे म्हणणे होते. दरमहा दहा रुपयांपर्यंत प्राप्ती असलेल्या पालकाकडून फी घेऊ नये, हीही तरतूद होती. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. स्थानिक कारभार असावा, पण गावाच्या गरिबीची शिक्षा गावातील मुलाला होऊ नये, हे तत्त्व टेक्सासच्या न्यायालयाच्या सत्याहत्तर वर्षे आधी एका मराठी माणसाने मांडून ठेवले होते.

अमेरिकेची राज्यघटना जे देत नाही ते आपल्या राज्यघटनेने २००२ च्या दुरुस्तीनंतर दिले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे, आणि त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद त्यात आहे. शाळेच्या अनुदानाचा विनियोग कसा होतो, हे पाहणे या समितीचे कर्तव्यच आहे. म्हणजे कागदावर आपल्याला एजवुडच्या पालकांहून अधिक मिळाले आहे.

पण आपण स्वतःला फसवू नये. तेथे शाळा घराच्या किमतीवर ठरते. आपल्याकडे ती फीच्या पावतीवर ठरते. आपली, म्हणजे लोकल बोर्डाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटीवर अक्षरे गिरवून परमुलखात आलेली पिढी, फी परवडू लागताच त्या शाळांपासून दूर झाली. शहाणी, लिहिती-वाचती माणसे बाजूला झाली, की शाळेच्या समितीत अंदाजपत्रक वाचणारे कोणी उरत नाही. आपली मुले तेथे नसतील, आपल्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंची मुले तेथे आहेत. त्या समितीच्या बैठकीला त्यांनी जावे म्हणून एका संध्याकाळची सुट्टी द्यावी, आणि हिशेबाचा कागद त्यांनी आणून दाखविला तर शेजारी बसून तो त्यांना उलगडून सांगावा. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत एवढे जरी आपल्या हातून झाले, तरी पाटीवरच्या त्या अक्षरांचे ऋण थोडेफार फिटले असे म्हणता येईल.