स्पर्श हीच ज्यांची वाणी



ज्यास दिसत नाही त्यास ऐकून जग कळते. ज्यास ऐकू येत नाही त्यास पाहून कळते. परंतु ज्याची ही दोन्ही द्वारे बंद अथवा मंद झाली आहेत, त्याने समाजात वावरावे कसे? हा प्रश्न दूरचा नव्हे. तिरोडा, देवरी वा अर्जुनी मोरगावकडील गावांतही म्हातारपणी मोतीबिंदू आणि बहिरेपण एकाच माणसाच्या वाट्यास येते. घरची मंडळी रोवणीस गेली म्हणजे तो दिवसभर ओसरीवर एकटा बसतो. त्यास दोन वेळचे अन्न मिळते, पण त्याच्याशी कोणी बोलत नाही. यालाच सांभाळणे म्हणावयाचे काय?

हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे. गरोदरपणी आईस रुबेला झाल्यास मूल अंधत्व व बधिरत्व घेऊन जन्मास येऊ शकते. काही घराण्यांत आनुवंशिक विकाराने आधी कान व मागाहून डोळे जातात. आपल्या विदर्भात, विशेषतः आपल्या समाजात आढळणारा सिकलसेलचा आजारही काही रुग्णांच्या डोळ्यांस व कानांस इजा करतो. रुबेलाची लस आज बालकांस मोफत मिळते; मोतीबिंदू शस्त्रक्रियेने जातो. जे टाळता येते ते नशिबावर सोडणे हे अज्ञान होय.

आणि जे टाळता येत नाही, तेथेही मार्ग आहे. अमेरिकेतील हेलन केलर हिची दृष्टी व श्रवणशक्ती एकोणिसाव्या महिन्यातच गेली. 1887 साली अॅन सुलिव्हन ही शिक्षिका तिला लाभली. तिने मुलीच्या तळहातावर बोटांनी अक्षरे उमटवून तिला भाषा दिली. 1904 साली तीच मुलगी पदवीधर झाली. आपल्या मुंबईतही बेरोज वाच्छा यांनी 1977 साली हेलन केलरच्याच नावाने अशा मुलांची संस्था उभी केली.

या सर्वांचे साधन एकच: स्पर्श. ज्या समाजाच्या स्पर्शाचा शतकानुशतके विटाळ मानला गेला, त्या समाजास स्पर्शाचे मोल निराळे सांगावयास नको. स्पर्श हीच ज्यांची वाणी, त्यांस हात लावण्याचे आपण टाळावे, हे आपणांस शोभत नाही.

म्हणून आपण काय करावे? जवळ जाताच हलकेच खांद्यास हात लावावा. आपण कोण हे कळावे म्हणून प्रत्येकाने आपली एक खूण ठरवावी. कोणी मनगटावरील कडे दाखवावे, कोणी तळहातावर अक्षर काढावे. चालताना त्यास ओढू नये, आपले कोपर धरू द्यावे. विहारात वंदनेस, लग्नकार्यास, ग्रामसभेस त्यास सोबत न्यावे. कोण आले, काय ठरले, हे हातावर सांगावे आणि त्याचे मतही विचारावे. विचारल्यावाचून निर्णय घेऊ नये.

ही भीक नव्हे, हक्क आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधत्व बहुविकलांगतेत स्पष्ट नोंदले आहे. शासकीय रुग्णालयातून प्रमाणपत्र व यूडीआयडी ओळखपत्र काढावे. अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक असल्यास सहा ते अठरा वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा अधिकार आहे. मतदानास अठरा वर्षांवरील सोबती नेता येतो. मालमत्ता धारण करण्याचा व वारसाहक्काचा अधिकारही इतरांइतकाच आहे. ज्या म्हातारीस कागद दिसत नाही व वाचलेले ऐकू येत नाही, तिचा अंगठा उमटवून तिच्या धानाच्या बांध्या आपल्या नावे करून घेणारा आप्त असला, तरी तो अन्यायच करतो, हे ध्यानी ठेवा.

ज्यांस समाजाने वेशीबाहेर ठेविले, त्यांनी आपल्याच घरात कोणास वेशीबाहेर ठेवू नये. आज घरी गेल्यावर ओसरीवरील त्या माणसाजवळ बसा, त्याचा हात हातात घ्या आणि आजच्या सभेत काय झाले ते त्यास सांगा, इतकीच माझी आपणांस विनंती आहे.

जय भीम.