वीस हजार आहेत, स्टिरिओत आधी काय बदलू?

आज एकच प्रश्न घेतोय, पुण्याहून एका श्रोत्याने पाठवलेला. घरी बाबांचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प आहे, त्याच वयाचे दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत, आणि गाणी येतात फोनवरून, एका छोट्या ब्लूटूथ रिसीव्हरमधून. पहिल्या नोकरीतून २० हजार साठलेत. याला अ‍ॅम्प बदलायचाय, बाबा म्हणतात अ‍ॅम्पला हात लावायचा नाही. घरात यावरून अबोला आहे म्हणे. तक्रार काय, तर आवाज दबल्यासारखा येतो आणि डावीकडून जरा कमीच येतो.

मित्रा, मी बाबांच्या बाजूने आहे. पण आठवणी वगैरे कारण नाही, गणित आहे.

आधी ती डावी बाजू बघ. अ‍ॅम्प बंद कर, मागच्या स्पीकरच्या वायरी डाव्या-उजव्या अदलाबदल कर, आणि परत लाव. आता उजवा स्पीकर कमी वाजतोय? मग दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्याही मागे. अजून डावाच कमी? मग स्पीकर किंवा त्याची वायर. दोष मागे असेल तर वायरी पूर्ववत कर आणि रिसीव्हरकडून येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिना उलट्या लाव. बाजू बदलली तर रिसीव्हर किंवा त्याची केबल, नाही बदलली तर अ‍ॅम्प. दहा मिनिटांचं काम आहे. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर बऱ्याचदा आत नुसती धूळ असते, मेकॅनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारून साफ करतो. त्यासाठी अ‍ॅम्प विकायचा नसतो!

आता वॉटचा मोह. ५० वॉटचा काढून १०० वॉटचा आणला तर आवाज दुप्पट होत नाही, जास्तीत जास्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. उलट स्पीकरच्या माहितीत ८६, ८९ असा एक आकडा असतो: १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो. ८६ चा स्पीकर बदलून ८९ चा घेतला की तोच जुना अ‍ॅम्प दुप्पट ताकदीचा असल्यासारखा वाजतो. फक्त ओहम बघून घे. अ‍ॅम्पवर ८ ओहम लिहिलं असेल तर ४ चे स्पीकर जोडू नको, तापेल बिचारा.

आणि धडधाकट अ‍ॅम्प आवाजात फार ढवळाढवळ करत नाही. स्पीकर करतो. जुन्या स्पीकरच्या वूफरभोवती फोमची कड असेल तर आपल्या दमट हवेत ती काही वर्षांत कुजते. जाळी काढ आणि बोटाने अलगद दाब. भुगा पडला तर दबलेल्या आवाजाचं एक कारण सापडलं. कड बदलून देणारे कारागीर मिळतात. आधी तपकीर गल्लीत चौकशी कर, मग नव्या जोडीकडे बघ.

त्याआधी एक फुकटचं काम. स्पीकर टीव्हीमागे, कोपऱ्यात कोंबलेत का? भिंत आणि कोपरा बास फुगवतात, त्यात गायकाचा आवाज बुडतो. हातभर पुढे ओढ, ट्विटर कानाच्या उंचीला आण, आणि दोन स्पीकर व तू यांचा समभुज त्रिकोण होईल असा बस. आईची परवानगी तुझी तू काढ.

ब्लूटूथचं म्हणशील तर फोनला डोंगल लावून वायरने एक दिवस ऐक. फरक पडला तर स्वस्तात सुटलास. महागड्या केबलबद्दल मी बोलणारच नाही.

एवढं करून समाधान झालं नाही, तर २० हजारांतले बहुतेक स्पीकरवर घाल. दुकानात जाताना रोज ऐकतोस तीच तीन गाणी ने. दोन जोड्या ऐकताना आवाज सारखा करून घे, फोनमधलं डेसिबल अ‍ॅप चालेल, कारण जरा मोठ्याने वाजणारा स्पीकर कानाला उगाच चांगला वाटतो आणि विकणाऱ्याला ते माहीत असतं. जमलं तर बाबांचा अ‍ॅम्प सोबत घेऊन जा. बाबांनाही ने.