सुरी आपल्या हाताच्या मापाची

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या बोलण्याचा मजकूर. ज्या गटांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी छापत आहोत.)

काकी, वयनी, ताई, आणि मागे दारात बसलेल्या नव्या सुनांनो, जरा पुढे सरकून बसा.

आजचा विषय कर्जाचा नाही, हप्त्याचा पण नाही. आजचा विषय सुरी. हसताय ना? हसा. पण एक करा, आपला डावा हात समोर धरा आणि अंगठ्यावर नि पहिल्या बोटावर कापल्याचे किती वण आहेत ते मोजा. शेजारणीचे पण बघा. मी गावोगावी फिरताना हे विचारते तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं, "हात कापलो तरी काम खय थांबता?" काम थांबत नाही हे खरं. पण हात कापतो कशाने, यावर आपण एकदा तरी बोलायला पाहिजे.

सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून मालवण, तारकर्ली, देवबाग या बाजूला पाहुणे वाढत गेले, आणि पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, गावठी कोंबडी मिळेल का? आपल्या कितीतरी गटांनी कोंबडी-वड्यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. शेगडी घेतली, मोठे टोप घेतले, कोणी कर्ज काढून फ्रीज घेतला. सुरी मात्र घरात जी असेल ती. ती नसली तर घोवाचा कोयता. कोयतो माडाक बरो, कोंब्याच्या पोटाक न्हय! पुरुषाच्या पंजाला बसणारी मूठ, जड पातं, आणि हात चरबीने बुळबुळीत झालेला. मग बोट कापतं, आणि आपण म्हणतो, माझंच लक्ष नव्हतं. दर वेळी लक्षच चुकतं असं नाही, कितीदा तरी हत्यारच आपल्या मापाचं नसतं.

आता काम कसं आहे ते बघू, म्हणजे सुरी कशी हवी ते कळेल. कोंबडी गरम पाण्यात बुडवून पिसं काढली, जाळावर भाजून घेतली, की पोट उघडायचं. शेपटीच्या खाली छोटा आडवा छेद द्यायचा, तोही फक्त कातडीपुरता. पातं खोल गेलं तर आतडं फुटतं आणि घाण मांसाला लागते. कलेजीला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी फुटली तर कलेजी कडू होते, आजूबाजूचं मांसही कडू होतं. त्यानंतर तंगडी सांध्यात सोडवायची. सांधा बरोबर सापडला तर हाड तोडावं लागत नाही, नुसती शिर कापली की तंगडी सुटते.

आपला आडाळो, म्हणजे विळी, तुकडे करायला आणि मासे कापायला चांगलाच आहे. त्याचं पातं पायाखाली घट्ट असतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. पण पोट उघडताना पातं मांसाकडे न्यावं लागतं, तिथे हातातली लहान सुरीच लागते. आणि हाड फोडायला जड कोयती. म्हणजे तीन कामं, तीन हत्यारं. एकाच सुरीने हाडही फोडू म्हटलं तर धारेला दाते पडतात, आणि बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो. जोर दिला की सुरी सटकते.

बाजारातली स्टीलची सुरी वाईट नाही. गंजत नाही, स्वस्त मिळते. पण स्वस्तातल्या सुऱ्यांची धार लवकर जाते, आणि मूठ सगळ्यांना एकाच मापाची. म्हणून माझं सांगणं असं की, जो गट नियमित ऑर्डरी घेतो त्याने ही लहान सुरी लोहाराकडून बनवून घ्यावी. आणि ती सांगायला घोवाला किंवा झिलाला पाठवू नये, जिच्या हातात ती राहणार तिने स्वतः जावं. आपण ब्लाउज शिवताना माप देतो की नाही? तसंच हे.

माप कसं द्यायचं? घरी पुठ्ठ्याचा तुकडा घ्या आणि सुरीचा आकार कापा. पातं चार इंचांच्या आसपास ठेवा. त्याहून लांब झालं तर टोक पोटात कुठे गेलं ते हाताला कळत नाही. रुंदी पाऊण इंच ते एक इंच. पाठीची जाडी दोन मिलिमीटरच्या जवळपास पुरते. टोक सुईसारखं नको, किंचित खाली झुकलेलं हवं, म्हणजे पहिलं बोट पाठीवर ठेवून नेमका छेद देता येतो आणि पित्ताला टोचत नाही. धारेला थोडा बाक असू दे, कातडी सोडवताना तो उपयोगी पडतो.

मुठीकडे तर पात्यापेक्षा जास्त लक्ष द्या. चार बोटं जोडून तळहाताची रुंदी घ्या, त्यात एक ते दोन बोटं वाढवा, तेवढी मूठ लांब हवी. आखूड मूठ तळव्याला टोचते. मूठ लाटण्यासारखी गोल नको, लांबट गोल हवी, थोडी अंड्याच्या आकाराची. गोल मूठ ओल्या हातात फिरते आणि धार कुठल्या बाजूला आहे ते न बघता कळत नाही. मूठ नि पातं जिथे मिळतात तिथे लहानशी आडवी खाच किंवा उंचवटा ठेवायला सांगा. हात पुढे सटकला तर बोट तिथे अडतं, पात्यावर जात नाही. माझ्या मते बोटं वाचवणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं, म्हणजे शेंबी, घट्ट बसलेली असावी. लाकूड चांगलं सुकलेलं हवं, नाहीतर पावसाळा संपला की मूठ आकसते आणि पातं हलायला लागतं.

आता लोखंड. सगळं लोखंड धार धरत नाही. बांधकामाच्या सळईची सुरी बनेल, पण धार दोन दिवस टिकणार नाही. गाडीच्या कमानीचा पाटा, जुनी कानस, लाकडाच्या वखारीतली जुनी करवत, असलं पोलाद धार धरतं. जस्त चढवलेला पत्रा किंवा पाइप भट्टीत घालायला सांगू नका, त्याचा धूर लोहाराच्या छातीला वाईट.

पोलाद चांगलं असलं तरी खरं काम पाणी देण्यात आहे. पातं लाल होईपर्यंत तापवतात. लोहचुंबक चिकटेनासा होतो तेव्हा ते साधारण 770 अंशांवर आलेलं असतं. त्याच्या थोडं वर नेऊन ते तेलात किंवा पाण्यात बुडवतात. त्या क्षणी पातं काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. म्हणून ते परत मंद तापवायचं, घासून चकचकीत केलेल्या भागावर सुक्या गवतासारखा पिवळा रंग येईपर्यंत. हा रंग साधारण 200 ते 230 अंशांना येतो. ही दुसरी पायरी घाईत राहून गेली तर धारेचे तुकडे उडतात. आपण लोहाराला शिकवायला जायचं नाही, त्याचा हात त्यात मुरलेला आहे. पण "पाणी दिल्यावर परत तापवतलास मा?" एवढं विचारायला लाजू नका. सुरी तयार झाली की धारेवर कानस हलकी फिरवून दाखवायला सांगा. कानस घसरत गेली तर पातं कडक आहे. लोण्यासारखी रुतली तर पाणी नीट बसलेलं नाही.

लोहाराचा विषय निघालाच आहे तर एक निरोप त्याच्यापर्यंत पोचवा. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात 18 पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात लोहारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपयांची मदत आणि पाच टक्के व्याजाने कर्ज, अशी त्यात सोय ठेवली आहे. सध्या अर्ज कसा करायचा ते सेवा केंद्रात विचारायला सांगा. गावची भट्टी टिकली तर आपली सुरी परत पाजवायला सोय राहील.

सुरी आली, आता सांभाळायची. पोलादाची सुरी आपल्या खाऱ्या हवेत एका रात्रीत गंजते. काम झालं की साबणाच्या गरम पाण्याने धुवा, लगेच पुसा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवा. पाण्याच्या टोपात बुडवून ठेवू नका, मूठ कुजते आणि पाण्यात हात घालणाऱ्या दुसऱ्या बाईचं बोट जातं. धार लावताना दगडावर पातं आडवं ठेवून पाठ पेन्सिलीच्या जाडीएवढी उचला, तो कोन धरून दोन्ही बाजूंना सारखे हात मारा. हे मला कॉलेजात नाही, तुमच्यातल्याच एका काकींनी पाटावर बसवून शिकवलं. आणखी एक, कच्च्या कोंबडीची सुरी नि पाट कांदा-कोथिंबिरीला वापरायचा नाही. मुठीला लाल दोरा किंवा रंगाची खूण करा म्हणजे नवीन माणसालाही कळेल.

तरी बोट कापलंच तर वाहत्या पाण्यात साबणाने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा. तंबाखू नको, राख नको. खोल जखम असेल तर आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते सांगा. दशसूत्रीत आपण आरोग्य म्हणतो, ते फक्त रक्त तपासण्यापुरतं नाही.

आता थोडं कडक बोलते. काही पाहुणे हळूच विचारतात, "रानातलं काही मिळेल का?" ससा, साळिंदर, रानकोंबडी, घोरपड. आपल्या आजे-पणज्यांच्या काळात हे घरात येत असेल. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या जनावरांची शिकार बंद आहे. मारणं गुन्हा, मांस जवळ ठेवणं आणि विकणंही गुन्हा, तुरुंगवास होऊ शकतो. कोणी मारून आणून दिलं आणि "वयनी, फक्त साफ करून दी" म्हणालं, तरी आपला हात त्यात येतो. गटाच्या नावावर ते ओझं घेऊ नका. सरळ सांगा, आमच्याकडे घरची कोंबडी आहे, ती जेवा.

शेवटी हिशोब. ही सुरी घरखर्चातून घ्यायची नाही. ती गटाच्या व्यवसायाचं साहित्य आहे, म्हणून ठराव लिहा, लोहाराकडून साधी पावती घ्या, रोजकीर्दीत नोंद करा. फ्रीजची नोंद करताना आपण लाजत नाही, मग सुरीची का? जिच्या हातावर ऑर्डर उभी आहे, तिच्या हाताचा खर्च हा धंद्याचाच खर्च.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटातून जी बाई कोंबडी साफ करते तिने पुठ्ठ्याची सुरी कापून आणायची. मूठ हातात धरून बघू, जिथे बोट अडकतं तिथे कात्रीने दुरुस्त करू, आणि मग चार-पाच गटांची मापं घेऊन एकदमच लोहाराकडे जाऊ. एकत्र गेलो तर भावही बरा मिळेल. येताय मा सगळ्या?