शिबिराला येतं कोण?

कारखान्यात आरोग्य शिबिर लागतं, तेव्हा रांगेत दिसतात ते बहुधा रोज सकाळी फिरायला जाणारेच. ज्याचा रक्तदाब खरोखर तपासायला हवा, तो मशीनवरून हलतच नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने 2016 साली आपल्याच सुमारे 5,000 कर्मचाऱ्यांबाबत सुरू केलेल्या अभ्यासातही हेच आढळलं. आरोग्य उपक्रमात भाग घेणारे मुळातच अधिक निरोगी होते.

बाकीचे येत नाहीत, ते आळसामुळे असं समजू नका. साखर वाढलेली कळली तर काम जाईल, ही धास्ती असते. म्हणून तपासणीचा कागद फक्त कामगाराच्याच हाती द्या आणि तसं आधीच जाहीर करा. वेळही पाहा. रात्रपाळी सुटते तेव्हा कंपनीची बस दारात उभी असते. ती चुकवून कोण थांबेल? तपासणी पाळीच्या वेळेतच, पगार न कापता व्हावी.

आणि कँटीन? आरोग्य रोजच्या खाण्यावरही असतं, तिथेही कामगारांचंच ऐका. 1948 च्या कारखाना अधिनियमातही कँटीनच्या कारभारात कामगार प्रतिनिधींची तरतूद होती. वडा-भजी किती दिवस आणि उसळ-भाकरी किती दिवस, हे त्यांनाच ठरवू द्या.